क्वार्टेट की क्विंटेट: शुबर्टचं उदास काहीतरी ऐकायचं तर कुठलं?

शुबर्ट या पाश्चात्य शास्त्रीय संगीतकाराचं एकच काहीतरी ऐकायचंय आणि तेही उदास, असं असेल तर भांडण दोघांतच आहे. 1824 चं डी मायनरमधलं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना), 'डेथ अँड द मेडन' म्हणतात ते, आणि 1828 चं सी मेजरमधलं क्विंटेट (पाच तंतुवाद्यांची). मायनर सहसा उदास वाटतं आणि मेजर आनंदी, पण सी मेजर बघून आनंदी असेल असं समजू नका, मला तर दोघांत तेच जास्त दुःखी वाटतं.

क्वार्टेट पहिल्या सुरापासूनच अंगावर येतं. चारही मूव्हमेंट्स, म्हणजे भाग, मायनरमध्ये, जवळपास चाळीस मिनिटं, आणि कळायला सोपं कारण पकडायला गोष्ट आहे. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये शुबर्टने स्वतःच्याच, याच नावाच्या 1817 च्या गाण्यातली मृत्यूची धून घेतलीये आणि तिच्यावर पाच व्हेरिएशन्स केलीत, म्हणजे तीच धून पाच वेळा बदलून. मूळ धून फार साधी, जवळजवळ एकाच सुरावर चालणारी, म्हणून प्रत्येक वेळी काय बदललं ते नवख्यालाही ऐकू येतं. शेवटची मूव्हमेंट मात्र नुसती धावते, तिथे रडायला वेळच नाही.

क्विंटेटचं वेगळं आहे. मोझार्ट पाचवं वाद्य म्हणून जास्तीचा व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा) घ्यायचा, शुबर्टने दुसरा चेलो (त्याहून मोठा, खर्जाचा) घेतला, आणि सगळी जादू तिथेच आहे. दुसरी मूव्हमेंट, अडाजिओ (संथ लयीची), ऐका. मधली तीन वाद्यं इतकी संथ धून धरतात की वेळ थांबल्यासारखा वाटतो, वरून पहिलं व्हायोलिन तुटक तुटक काहीतरी बोलतं, खाली दुसरा चेलो बोटाने तार छेडतो, बस. मग अचानक मध्येच सगळं फाटतं, आणि नंतर तीच धून परत येते तेव्हा ती आधीसारखी राहिलेली नसते, खालचा चेलो अस्वस्थ झालेला असतो. हे लिहून दोनेक महिन्यांत शुबर्ट गेला, वय 31. पहिला जाहीर कार्यक्रम व्हायला 1850 उजाडलं, बोला!

तोटा एवढाच की क्विंटेट लांब आहे, पन्नास मिनिटांच्या वर, आणि पहिली मूव्हमेंटच एवढी मोठी की सवय नसेल तर माणूस तिथेच गळतो. विलंबित ख्याल निवांत ऐकणाऱ्यांना हा त्रास होणार नाही, त्यांनी सरळ क्विंटेटच घ्यावं. बाकीच्यांनी आधी क्वार्टेट, पण चार वाद्यांचंच, नंतरचा संगीतकार माहलर याची ऑर्केस्ट्रावाली अरेंजमेंट नंतर कधीतरी.

रेकॉर्डिंग म्हणाल तर क्वार्टेटसाठी 'टाकाच क्वार्टेट' या वादकसंचाचं, क्विंटेटसाठी 'मेलोस क्वार्टेट' या संचाचं आणि सोबत चेलोवादक रोस्त्रोपोविच. आणि प्लीज क्विंटेट मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, दुसरा चेलो गायब होतो आणि मग लोक म्हणतात की यात काय एवढं.