चिपाडाचा रिअ‍ॅक्टर धुऊन घेतला: साडेतीन स्टार

आमच्याकडं चिक्कोडी भागात चिपाडावर चालणारा छोटा प्लांट आहे. बगॅस पाण्यात घालून रिअ‍ॅक्टरमध्ये १७० डिग्रीला प्रेशरखाली शिजवायचं आणि झायलोज साखरेचं पाणी वेगळं काढायचं, एवढंच काम. वरनं अ‍ॅसिड पण घालावं लागत नाही, चिपाडातनंच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं. पण तीच साखर जरा जास्त तापली की तिचं फरफ्युरल नावाचं रसायन होतं आणि ते लिग्निनबरोबर (चिपाडाला कडकपणा देणारा भाग) मिळून भिंतीला असं काय धरून बसतं म्हणता, गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला करपलेलं बघितलंय न्हवं, त्याचा थोरला भाऊ.

यंदा हंगाम संपता संपता बॅच तापायला ४० मिनिटांच्या जागी सव्वा तास लागायला लागला. मॅनहोल उघडला तर जॅकेटच्या (बाहेरनं गरम करायच्या कवचाच्या) बाजूला भिंतीवर ४ एमएमचा काळा थर, डांबरासारखा चकचकीत, स्क्रू ड्रायव्हरनं टोचला तर चिक्कीसारखा तुकडा उडाला. मग बेळगावची एक पार्टी बोलावली. नाव लिहीत नाही कारण पुढं शिव्या पण आहेत. साखर कारखान्यांचे इव्हॅपोरेटर (रस आटवायची भांडी) धुणारे लोक हे, जोरात पाणी मारायचा हायड्रोजेट पंप गाडीवर, एक सुपरवायझर आणि चार पोरं. कोटेशन ८५ हजार, वर १८ टक्के जीएसटी.

आधी चांगलं सांगतो. सुपरवायझर माणूस पक्का. आल्या आल्या स्टीम लाइनला ब्लाइंड (पाइप पक्का बंद करायची चकती) घातलाय का विचारला, आम्ही म्हटलं व्हॉल्व्ह बंद आहे की, तर म्हणाला व्हॉल्व्ह बंद म्हणजे बंद न्हवं, ब्लाइंड घाला मग बोलू. आमचे ऑपरेटर मामा वीस वर्षं कारखान्यात घालवलेले, ते शिडी लावून एक पाय आत टाकायच्या बेतात. सुपरवायझरनं गॅस मीटरचा पाइप आत सोडला आणि ते पिप पिप करायला लागलं, ऑक्सिजन १८.४ टक्के. साडेएकोणीसच्या खाली माणूस आत सोडत नाहीत. "मामा, बाहेर यायचं आहे का नाही ते आधी ठरवा," म्हणाला. मामा गप शिडीवरनं खाली. दीड तास ब्लोअर चालवला, २०.९ आलं, तरी बाहेर एक पोरगा दोरी धरून उभा. असलं शिस्तीचं काम आपल्या भागात मी क्वचितच बघितलंय.

दुसरी गोष्ट, गाडीत हायड्रोक्लोरिकचे कॅन होते. मी म्हटलं आमचं भांडं स्टेनलेसचं आहे, क्लोराइडनं टोचे पडतात, ते आत आणायचं नाही. त्यानं वाद न घालता ठेवून दिलं.

मग कॉस्टिक सोडा. पाणी आधी, त्यात फ्लेक्स थोडे थोडे (उलटं केलं तर उकळून अंगावर येतं), ४ टक्क्यांचं द्रावण, ८५ डिग्रीला सहा तास अ‍ॅजिटेटर चालू. लिग्निन कॉस्टिकमध्येच विरघळतं. पहिल्या तासात चहाचा रंग, तिसऱ्या तासाला डिकॉक्शन, सहाव्या तासाला जळकं ऑइल. थर निघायलाय म्हणून मी खूष.

आणि इथंच घोळ. सुपरवायझर संध्याकाळी संकेश्वरला दुसऱ्या साइटला गेला. पोरांना रोजची सवय इव्हॅपोरेटरची, कॉस्टिक झालं की सल्फामिक अ‍ॅसिड. तिथला थर चुन्याचा असतो, तिथं ते बरोबर आहे, पण मध्ये पाण्यानं धुवायला पाहिजे ना रे बाबा! खालच्या व्हॉल्व्हमध्ये भुसा अडकलेला, काळं पाणी पूर्ण निघालंच नव्हतं, आणि ह्यांनी वरनं अ‍ॅसिड ओतलं. दुधात लिंबू पिळल्यासारखं सगळं फाटलं. विरघळलेलं लिग्निन परत बाहेर, तपकिरी चोथा, फेस मॅनहोलपर्यंत, आणि गरम भिंतीला पुन्हा लेप बसला. रात्री साडेअकराला मी आणि मामा तारेनं व्हॉल्व्ह कोचत बसलेलो. पोरगं मला विचारतंय, "सर, हे असंच होतंय का?" काय सांगू त्याला.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला, चूक मान्य केली, कॉस्टिक परत त्यांच्या खर्चानं. हे मी मोठेपणाचं मानतो. मग जेट, ७०० बार, फिरतं नोझल मॅनहोलमधनं सोडलेलं, आत कोणी नाही. थराचे पापुद्रे धडाधड खाली. पण बॅफलच्या (आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या) मागं आणि थर्मोवेलच्या (तापमापी घालायच्या नळीच्या) मुळाशी तसंच काळं राहिलं होतं, मी मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ काढला आणि दाखवला तेव्हा परत नोझल लावलं. दाखवला नसता तर गेले असते.

आता बॅच ४५ मिनिटांत तापतीय, तक्रार नाही. तक्रार आहे ती काळ्या पाण्याची. १२ हजार लिटर निघालं, आणि कोटेशनच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात, "धुण्याचं पाणी ग्राहकाच्या ईटीपीला", म्हणजे आमच्याच सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला. एकदम सोडलं असतं तर ईटीपीतले जंतूच मेले असते, म्हणून पंधरा दिवस टाकीत साठवून, पीएच उतरवत, चोथा गाळत थोडं थोडं सोडायलोय. आणि मॅनहोलचं जुनंच गॅस्केट परत बसवून गेले, पहिल्याच बॅचला वाफ. तीन फोन केल्यावर नवीन आलं.

पुढच्या वर्षीच्या पीओत (कामाच्या ऑर्डरीत) मी एक ओळ घातलीय. कॉस्टिकनंतरचं धुण्याचं पाणी काचेच्या ग्लासात घ्यायचं, अ‍ॅसिडचे पाच-सहा थेंब टाकायचे, गढूळ झालं तर परत धुवायचं, स्वच्छ राहिलं तरच पुढं. ग्लास मामांच्या ताब्यात राहील, त्यांनीच मागून घेतलाय.