रेस्क्यू डायव्हर करायचंय: नेत्राणी की हॅवलॉक, पॅडी की एसएसआय?

स्कूबा डायव्हिंगचं ओपन वॉटर (पहिला कोर्स) झालं, ॲडव्हान्स्ड (पुढचा) झालं, २५-३० डायव्ह झाले, आता रेस्क्यू करू का, आणि करायचं तर कुठे आणि पॅडी-एसएसआयपैकी (डायव्हिंग शिकवून कार्ड देणाऱ्या संस्था) कुणाकडून, इथे बरेच जण येऊन थांबतात. मी कोर्स कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ केला आणि पुढच्या सीझनला मैत्रिणीच्या कोर्समध्ये व्हिक्टिम म्हणून तीन दिवस अंदमानात हॅवलॉकला होते, म्हणजे एकदा वाचवणारी आणि एकदा वाचवून घेणारी अशी दोन्हीकडून बघितलंय, त्यामुळे जे सांगतेय ते त्यावरून.

आधी एक गोष्ट, कारण यात खूप गोंधळ होतो. धरणात, विहिरीत, पुरात बुडालेल्यांना काढायचं काम या कोर्समध्ये शिकवत नाहीत. हा कोर्स आपल्यासोबत डायव्ह करणाऱ्या माणसाला वाचवायचा आहे. शून्य व्हिजिबिलिटीत दोरीला बांधून घेऊन तळ चाचपणं हे वेगळं ट्रेनिंग आहे, ते एनडीआरएफ, एसडीआरएफ, फायर ब्रिगेडवाले त्यांच्या त्यांच्या सेटअपमध्ये करतात (आपल्याकडची एनडीआरएफची ५ वी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे). आणि किनाऱ्यावर, पोहणाऱ्यांमध्ये काम करायचं असेल तर लाइफगार्डचा कोर्स जास्त उपयोगी, त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीकडे चौकशी करा. रेस्क्यूचं कार्ड खिशात आहे म्हणून कुणी नदीत उतरू नका, कळकळीने सांगतेय.

मला हा कोर्स करावासा का वाटला तेही सांगते. कोकणात एका डायव्हला पाणी गढूळ होतं, दोन-तीन मीटरच्या पुढे काही दिसत नव्हतं, आणि नवरा, जो माझा बडी (डायव्हमधला जोडीदार) होता, दिसेनासा झाला. नियम माहीत होता, एक मिनिट शोधायचं आणि नाही सापडला तर सेफली वर यायचं. मी तीन-चार मिनिटं खालीच फिरत राहिले कारण त्याला सोडून वर जायला मन होईना. तो नियम पाळून वर आला होता आणि बोटीजवळ माझी वाट बघत होता, आणि तेवढा वेळ बोटीवरचे सगळे मला शोधायच्या तयारीला लागले होते. नियम पाठ असणं आणि भीती वाटत असताना तो पाळता येणं यात किती अंतर आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि रेस्क्यूमध्ये तेच अंतर कमी करून घेतात.

आता जागा. पश्चिम किनारा, म्हणजे मालवण-तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, कर्नाटकातलं नेत्राणी, विरुद्ध अंदमान. दोन्हीकडे सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, पाणी दोन्हीकडे कोमट. पण हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) चांगल्या दिवशी पाणी इतकं नितळ की हरवलेला डायव्हर शोधायच्या एक्सरसाइजला मैत्रिणीने खाली उतरून मान वळवली आणि मी तिला सरळ दिसले. सर्च पॅटर्न कागदावर चौकोनी काढलेला होता, त्याची गरजच पडली नाही. नेत्राणीला माझ्या वेळी पाच-सहा मीटर दिसत होतं, कंपासवर डोळा ठेवून, फिन किक मोजत, चौकोन वाढवत वाढवत जावं लागलं आणि पहिल्या वेळी मी व्हिक्टिमच्या बाजूने निघून गेले, सापडलाच नाही. दुसऱ्या वेळी सापडला. तो दुसरा प्रयत्न मी आयुष्यात विसरणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे, ज्यांचं पुढचं डायव्हिंग मालवण-गोवा-नेत्राणीलाच होणार आहे त्यांनी रेस्क्यू याच पाण्यात करावं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा इन्स्टिट्यूट आहे, तिथे स्विमिंग पूलही आहे, स्किल्स आधी त्यात घासून मग समुद्रात जाता येतं, हा मोठा फायदा. मात्र मालवणला किल्ल्याजवळ जे पंधरा-वीस मिनिटांचं हात धरून फिरवून आणायचं स्कूबा चालतं ते वेगळं, तिथल्या कुठल्याही बोटीवर जाऊन रेस्क्यू शिकवा म्हणू नका.

अंदमानची बाजूही मोठी आहे. तिथे एकाच ठिकाणी किनाऱ्यावरून आणि बोटीवरून दोन्ही रेस्क्यू करता येतात. नेमो रीफला किनाऱ्यावरूनच चालत आत जाता येतं, त्यामुळे बेशुद्ध माणसाला लाटांतून वाळूवर ओढत आणायची प्रॅक्टिस खरीखुरी होते, आणि ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की ते ओढायचं अंतर चांगलंच वाढतं. नेत्राणीला मुर्डेश्वरहून १९-२० किलोमीटर बोटीने जायचं, बेटावर उतरायचं नाही, सगळं बोटीवरूनच. तिथे बेशुद्ध माणसाला शिडीवरून वर घ्यायचं म्हणजे काय असतं ते कळतं, ८० किलोचा माणूस, बोट हलतेय, आणि पायाखाली काही नाही. पुढे डायव्हमास्टर (व्यावसायिक डायव्हरची पहिली पायरी) होऊन याच क्षेत्रात काम करायचं असेल तर मी अंदमान म्हणेन, कारण तिथे कोर्सनंतर राहून डायव्ह वाढवता येतात. पॅडी डायव्हमास्टरला सुरुवातीला ४० आणि सर्टिफाय व्हायला ६० डायव्ह लागतात, ते वीकेंड वीकेंड करून कोकणात व्हायला वर्षं जातात.

वेळेचा हिशोबही बघा. अंदमानला विमान आहे, आणि रोज डायव्ह केलेले असले की शेवटच्या डायव्हनंतर निदान १८ तास विमान नाही (उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणून), म्हणजे एक दिवस कोरडाच जातो. पण मालवणहून गाडीने परत येणाऱ्यांनीही हे वाचा. आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे आणि ६०० मीटरच्या वर चढायचं असेल तर विमानाचाच नियम धरतात. दुपारी डायव्ह करून संध्याकाळी घाट चढून कोल्हापूर, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि कुणी बोलत नाही.

पॅडी की एसएसआय यावर लोक फार भांडतात, मला तेवढा फरक वाटत नाही. पॅडीचं रेस्क्यू डायव्हर, एसएसआयचं डायव्हर स्ट्रेस अँड रेस्क्यू. पॅडीला आधी निदान ॲडव्हेंचर डायव्हर (ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्डच्या मधली पायरी) हवं आणि त्यात अंडरवॉटर नॅव्हिगेशनचा डायव्ह झालेला हवा, शिवाय सीपीआर-फर्स्ट एडचं ट्रेनिंग २४ महिन्यांच्या आतलं हवं. एसएसआयला ओपन वॉटरनंतर लगेच करता येतं. कागदावर एसएसआय सोपं दिसतं, पण दहा डायव्ह झालेल्या माणसाने हा कोर्स करू नये असं मला मनापासून वाटतं, स्वतःची बॉयन्सी (पाण्यात वर-खाली न जाता तरंगणं) सांभाळताना धाप लागत असेल तर दुसऱ्याची कशी सांभाळणार. एसएसआयचं जे मला आवडतं ते नाव, स्ट्रेस आधी आणि रेस्क्यू नंतर, कारण अपघात पाण्यात उतरायच्या आधी सुरू झालेला असतो, कुणीतरी बोटीवर गप्प बसलाय, तीनतीनदा मास्क घट्ट करतोय, हे दिसायला शिकणं हाच अर्धा कोर्स. पण पॅडीतही हेच शिकवतात. आणि एकाचं कार्ड दुसऱ्याकडे पुढच्या कोर्सला चालतं, तेव्हा त्यावर झोप घालवू नका.

खरा फरक पडतो इन्स्ट्रक्टरने. माझ्या इन्स्ट्रक्टरने घाबरलेल्या डायव्हरचं सोंग इतकं जोरात केलं की त्याने माझा मास्क ओढून काढला आणि खांद्यावर चढला. शिकवलेलं होतं की असा माणूस धरतो तेव्हा आपण खाली जायचं, त्याला वर राहायचंय म्हणून तो सोडतो, मग मागून येऊन टँकला गुडघे लावून त्याची बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) फुगवायची. मी खाली गेले आणि त्याने खरंच सोडलं! हॅवलॉकला मैत्रिणीच्या बॅचला चार विद्यार्थी होते, इन्स्ट्रक्टर चांगला होता पण घाईत, प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट एकदाच. एकदाच करून हे अंगात बसत नाही. बेशुद्ध माणसाला पाण्यावर टो करत (ओढत नेत), दर पाच सेकंदांनी एक श्वास देत, मधल्या वेळात त्याचा वेट बेल्ट, मग बीसीडीचे पट्टे सोडवायचे, तेही त्याचं तोंड पाण्यात जाऊ न देता, हे तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे जमायला लागतं.

म्हणून बुकिंगआधी फोन करून हे विचारा: बॅचमध्ये किती जण, सीनारिओ न सांगता अचानक करणार का, बोटीवर ऑक्सिजन किट आहे का आणि आम्हाला ते हाताने जोडायला मिळेल का, आणि सगळ्यात जवळचं रिकंप्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या दाबाने झालेल्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली) कुठे. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) नौदलाच्या धन्वंतरी हॉस्पिटलमध्ये आहे, मुंबईत अश्विनीमध्ये. ज्या सेंटरवाल्याला या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येत नाही तिथे मी तरी कोर्स करणार नाही. समुद्रात मदतीसाठी कोस्ट गार्डचा १५५४ नंबर त्यांच्या भिंतीवर लिहिलेला असावा, तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

पैशांचं विचाराल तर फर्स्ट एडचा कोर्स, ई-लर्निंग आणि कार्डचे पैसे धरलेत की वेगळे हे आधी लिहून घ्या, कारण स्वस्त दिसणाऱ्या पॅकेजमध्ये हेच तीन बाहेर असतात. आणि फर्स्ट एड जायच्या आधी शहरातच उरकून घ्या, एका दिवसाचं काम आहे. तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, हे हाताला आधीच बसलेलं असलं की समुद्रावरचे दोन-तीन दिवस पूर्ण पाण्यात मिळतात.