नर्सिंग सोडून आयटीत जायचा विचार असेल तर माझं काय झालं ते आधी वाचा

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, २०१४ पासून पुण्यात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. हे लिहायला मला खूप दिवस लागले कारण घरात अजून सगळ्यांना पूर्ण माहिती नाही. पण गेल्या महिन्यात आमच्याच हॉस्पिटलमधली एक ज्युनिअर सिस्टर मला विचारायला आली की ताई, टेस्टिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायचा कोर्स करू का, जॉब गॅरंटी देतायत, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

२०२३ मध्ये माझा पगार २४ हजार होता. नऊ वर्षं झालेली, नाईटला तीन व्हेंटिलेटरचे पेशंट आणि मी एकटी असं कितीतरी वेळा व्हायचं, त्यात मुलगी लहान. मिस्टरांच्या मित्राची बायको आयटीत, तिचं बघून वाटायचं की आपण पण काहीतरी शिकून बाहेर पडावं. यात चुकीचं काही नाही, आजही मला तसंच वाटतं. एक दिवस फोनवर जाहिरात आली, नॉन आयटी टू आयटी, नर्सिंग फार्मसी बीएचएमएस कुणीही चालेल, १००% जॉब गॅरंटी, नोकरी लागल्यावर फी भरा. नंबर टाकला तर दहा मिनिटांत फोन आला.

नाईट संपल्यावर ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवून, तशीच त्यांच्या ऑफिसला गेले, घरी गेले असते तर झोपले असते म्हणून. आत गेलं की समोरच्या भिंतीवर मुलामुलींचे फोटो आणि खाली पॅकेजचे आकडे. काउन्सेलर मॅडम एवढ्या गोड बोलल्या की काय सांगू, चहा मागवला, म्हणल्या सिस्टर तुम्ही लोकांचे जीव वाचवता आणि तुम्हाला २४ हजार, वाईट वाटतं हो. मला तिथंच रडू आलं कारण असं कुणी बोललंच नव्हतं कधी.

मग म्हणल्या की फी ९० हजार आहे पण तुम्हाला आत्ता एक रुपया द्यायचा नाही, फक्त सीट बुक करू. आधार, पॅन, पगाराच्या तीन स्लिपा, बँक स्टेटमेंट घेतलं. माझा फोन त्यांच्या हातात, मी डोळे मिटत मिटत बसलेली, त्या म्हणणार ताई ओटीपी सांगा, मी सांगणार. असे चार ओटीपी सांगितले. एकदा फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणल्या डोळे उघडे ठेवा, एक सेल्फी लागते. ते सगळं लोन होतं! माझ्या नावावर ९० हजारांचं पर्सनल लोन, १२ हप्ते, साडेसात हजार महिना, आणि शेवटचा ओटीपी होता तो बँकेतून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचा. पैसे एका फायनान्स कंपनीकडून थेट क्लासच्या खात्यात गेले. मला कळलं पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, पैसे कापल्याचा मेसेज आल्यावर. फोन केला तर म्हणे ते प्रोसिजर आहे हो, जॉब लागला की कंपनी रिफंड करते. आणि मी विश्वास ठेवला.

क्लासचं खरं सांगायचं तर पहिले दीड महिना चांगलं शिकवलं. एक सर होते, मॅन्युअल टेस्टिंग आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकवायचे, मनापासून. त्यांनी एकदा सांगितलं की रोज वापरता त्या सॉफ्टवेअरमधला एखादा बग, म्हणजे चूक, लिहून आणा. मी आमच्या हॉस्पिटलच्या सिस्टीममधला लिहून नेला, की रात्री १२ च्या डोसची नोंद पुढच्या तारखेच्या पानावर जाते, त्यामुळे आदल्या दिवशीच्या चार्टला तो डोस चुकलाय असं दिसतं आणि नवीन सिस्टर असेल तर परत द्यायला जाते. स्टेप्स लिहिल्या, काय व्हायला पाहिजे, काय होतंय, पेशंटला धोका काय. सर बराच वेळ वाचत बसले आणि म्हणले मॅडम, हे इथल्या एकाही इंजिनिअरला सुचणार नाही. त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत होते.

ते सर तिसऱ्या महिन्यात गेले. त्यांचा पण पगार थकला होता असं नंतर कळलं. मग सेलेनियमचे (आपोआप टेस्टिंग करायचं टूल) रेकॉर्डेड व्हिडिओ पाठवायला लागले, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकेल असं करून टाकलं. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

ऑक्टोबरमध्ये प्लेसमेंटसाठी बोलावलं. टेबलावर एक फाईल ठेवली, म्हणे तुमची प्रोफाईल तयार आहे. आत एका कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर, माझं नाव, हुद्दा टेस्ट इंजिनिअर, जानेवारी २०२० ते मे २०२३. खाली लिहिलेलं की मी बँकेच्या प्रोजेक्टवर काम केलं. सोबत खोट्या पगाराच्या स्लिपा. आणि याचे वेगळे ४० हजार.

मी त्या तारखा बघत बसले. जानेवारी २०२० ते मे २०२३. त्या काळात मी कुठं होते हे मला कुणी विचारायची गरज नाही. एप्रिल २०२१ मध्ये आठ आठ तास पीपीई किटमध्ये, आतून घामानं चिंब, किट काढावं लागेल म्हणून पाणी प्यायचो नाही आम्ही, माणसं फोनवर घरच्यांना शेवटचं बघायची तो फोन आम्ही धरायचो. मुलगी माझ्या आईकडे, दोन महिने तिला जवळ घेतलं नाही. आणि या लेटरप्रमाणे मी तेव्हा एसीत बसून बँकेचं ॲप तपासत होते. मी म्हणलं माझा खरा अनुभव लिहा ना, हॉस्पिटलचा. तर तो माणूस म्हणाला मॅडम, ते सगळं डिलीट करायचं, आयटीत त्याची किंमत झीरो.

मी नाही म्हणले. नैतिकता बाजूला ठेवा, हे पकडलं पण जातं. माझा पीएफ हॉस्पिटलमध्ये कापला जातो, यूएएन (पीएफचा नंबर) एकच, त्याच्या सर्व्हिस हिस्ट्रीत त्या सगळ्या तारखांना हॉस्पिटलचंच नाव आहे. कंपन्या जॉइन करताना आणि नंतरही व्हेरिफिकेशन करतात. आमच्या बॅचच्या एका मुलानं, बी फार्म झालेला, ते लेटर घेतलं, नोकरी लागली, आणि तीन महिन्यांत व्हेरिफिकेशनमध्ये निघालं तेव्हा त्याच दिवशी लॅपटॉप जमा करून घेतला. आधीची फार्मा कंपनीतली नोकरी सोडून गेला होता बिचारा.

नाही म्हणल्यावर चार दिवसांनी मेल आला की तुम्ही प्लेसमेंट प्रक्रियेला सहकार्य केलं नाही त्यामुळे संस्थेची जबाबदारी संपली. तेव्हा मी सही केलेला कागद नीट वाचला. त्यात गॅरंटी हा शब्दच नाही! "प्लेसमेंट असिस्टन्स" लिहिलंय, आणि रिफंड कुठल्याही परिस्थितीत नाही. गॅरंटी जाहिरातीत आणि तोंडी. नोव्हेंबरच्या शेवटी ऑफिसला कुलूप.

हप्ते मात्र चालू. फायनान्स कंपनी म्हणे क्लास बंद झाला तो तुमचा आणि त्यांचा विषय, लोन तुमचं आहे. एक हप्ता मुद्दाम थांबवला तर बाऊन्सचा दंड लागला, सिबिल खाली गेला आणि वसुलीवाल्याचा फोन थेट आमच्या इनचार्ज सिस्टरना. त्यामुळे रागाच्या भरात बँकेतली परवानगी रद्द करून बसू नका, आधी लेखी तक्रार करा फायनान्स कंपनीला, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन करता येते. लोनच्या कागदात सुरुवातीचा ठरावीक काळ कूलिंग ऑफचा, म्हणजे लोन रद्द करायचा असतो, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडता येतं, मला हे कुणी सांगितलंच नाही, आणि लोनचे कागद माझ्या मेलवर पडून होते ते मी उघडलेच नाहीत. तुम्ही त्याच दिवशी उघडा.

भिंतीवरच्या फोटोतली एक मुलगी मला नंतर लिंक्डइनवर सापडली. मेसेज केला. ती कॉम्प्युटर इंजिनिअर निघाली, पंधरा दिवस गेली होती त्या क्लासला, आणि तिचा फोटो तिथं लावलाय हे तिला माहीतच नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं कोचिंगवाल्यांच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत, नोकरीची खोटी गॅरंटी देता येत नाही, विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय फोटो वापरता येत नाही. माझ्या वेळी हे नव्हतं. तुमच्या वेळी आहे, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, काउन्सेलरला म्हणा की गॅरंटी मेलवर लिहून द्या आणि काय उत्तर येतं ते बघा.

मी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवली, क्लासकडून उत्तर नाही आलं. मग २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, क्लास कुठं पण असो. वकिलाशिवाय स्वतः उभी राहिले. पहिल्या तारखेला पाय कापत होते, आता नाही. क्लासवाले अजून एकदाही आले नाहीत, पैसे अजून मिळालेले नाहीत. लोन पूर्ण फिटलं, सगळे बारा हप्ते मी भरले.

मी अजून आयसीयूलाच आहे. एसक्यूएल सोडलेलं नाही, फुकटच्या व्हिडिओवरून करते. मागच्या वर्षी हॉस्पिटलमध्ये नवीन सिस्टीम आली तेव्हा आयटीवाल्यांनी विचारलं की नर्सिंगकडून कोण तपासून देईल, मी हात वर केला. पहिल्याच दिवशी रात्री १२ चा डोस टाकून बघितला. तोच बग. तीच जुनी स्टेप्सची वही काढून दिली, त्यांनी आठवड्यात दुरुस्त केला.

त्या क्लासच्या २०२३ च्या बॅचचं कुणी हे वाचत असेल तर मला मेसेज करा, विशेषतः ज्यांच्याकडे ते खोटं लेटर अजून असेल त्यांनी. माझ्या प्रकरणाला जोडता येईल. फाडू नका ते.