दुरुस्त केलेला ईसीयू : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी 1997 सालची पेट्रोल सेदान ही आपल्याकडे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्शन नवे असतानाच्या काळातली गाडी. तिच्या ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या डब्याची, दुरुस्ती होऊन आता आठ महिने झाले असून त्यानंतर गाडी सुमारे 4,200 किलोमीटर चालली आहे. मधला पुण्याचा पावसाळाही तिने काढल्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

सुरुवातीला इंजिन तापले की गाडी सिग्नलला बंद पडे आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशा थाटात सुरू होई. प्लग, कॉइल, फिल्टर असे सगळे बदलून झाल्यावर एके सकाळी किल्ली फिरवली, तर चेक इंजिनचा दिवाच लागला नाही आणि मागून येणारी पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घरघरही ऐकू आली नाही. खरे निदान येथेच झाले. ही दोन्ही कामे ईसीयूच्या हुकुमाने होतात. त्यामुळे फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंग तपासून ईसीयूपर्यंत 12 व्होल्ट पोहोचत असल्याची खात्री केली, की संशय त्या डब्यावरच येतो. एका गॅरेजने ही तपासणी न करताच जुन्या बाजारातला दुसरा ईसीयू बसवायला सांगितले होते. तोही तितकाच जुना असणार, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

बॅटरीची तार काढून, डॅशबोर्डखालून डबा काढून उघडला, तेव्हा कुजलेल्या मासळीसारखा वास आला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधले (वीज साठवणाऱ्या, द्रव भरलेल्या छोट्या नळकांड्यांमधले) द्रव झिरपले की असा वास येतो. तीनपैकी एका कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग होता आणि त्याखालची तांब्याची रेघ हिरवी पडून तुटलेली होती. गरम-थंडचे कोडेही येथेच उलगडले, कारण तापल्यावर ती तूट उघडायची आणि गार झाल्यावर टेकायची.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, तितक्याच मायक्रोफॅरडचे (क्षमतेचे), पण 85 ऐवजी 105 अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता सोसणारे कपॅसिटर मिळाले. त्यांची किंमत चहा-वड्याइतकी होती. खरा खर्च कारागिराच्या हाताचा. त्याने वरचा लॅकरचा थर खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड दोनदा धुतला, तुटलेल्या रेघेवरून केसाएवढी तार ओढली आणि पुन्हा लॅकर दिले. केवळ कपॅसिटर बदलून बोर्ड न धुणारा कारागीर असेल, तर त्याच्याकडे काम देऊ नये, कारण उरलेले द्रव तांबे खातच राहते.

गाडी तेव्हापासून एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. शहरात 9 वर घसरलेले ॲव्हरेज 12 च्या वर आले आहे. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 0.6 टक्के निघाला. या वयाच्या गाड्यांना मर्यादा 3 टक्क्यांची आहे. कात्रजचा घाट एसी लावून चढताना पूर्वीचे हिसके बसत नाहीत. कार्पेटखाली ओल येत होती, म्हणून वायपरखालच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करून घेतल्या. ते आधी केले असते तर बरे झाले असते.

एक दोष मात्र अजून राहिला आहे. उभ्या गाडीत एसी लावल्यावर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वाढायला हवे, ते कधी वाढते, कधी वाढत नाही. कारागिराला ईसीयूमधून तो हुकूम बाहेर पाठवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा संशय आहे. पण चालत्या गाडीचा डबा पुन्हा उघडायला माझे मन अजून तयार होत नाही.