विंडोज ११: आहे त्यावरच अपग्रेड, की फॉरमॅट मारून नव्याने?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ ची मुदत मिळाली, पण तीही मुदतच. तुमचं मशीन विंडोज ११ साठी चालतं का, हे तुम्ही आधीच तपासलं असेल असं धरून चालतो. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी, मशीनमधली सुरक्षेची सोय) नाही असं उत्तर आलं असेल तर एकदा बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बघा. पुष्कळदा ते असतं, नुसतं बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने.

मला लिहायचंय ते त्यापुढच्या निर्णयाबद्दल. जायचं ठरलं, पण कसं? चालू विंडोजमध्येच सेटअप चालवून, फायली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून वर चढायचं, की पेनड्राइव्ह लावून सी ड्राइव्ह पुसायचा आणि कोरी पाटी घ्यायची? दुरुस्तीवाल्याला विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारून टाका, कटकट नको." त्याच्या जागी तो बरोबर असतो. त्याला मशीन आजच्या आज परत द्यायचं असतं, आणि फॉरमॅटला किती वेळ लागेल हे त्याला आधीच सांगता येतं. अपग्रेड कुठे अडेल याचा भरवसा नसतो. शिवाय आत काय काय आहे हे मालकाला ठाऊक असतं, त्याला नसतं.

आमच्या घरी दोन्ही झालं आहे. लॅपटॉपवर सगळं पुसून नव्याने, आणि ज्यावर मी मराठी मुद्रितशोधनाची आणि डीटीपीची लहानसहान कामं करतो त्या डेस्कटॉपवर आहे त्यावरच अपग्रेड. दोन्ही मशीन आज नीट चालतात. त्यामुळे पुढे लिहितोय ते एका घरातल्या अनुभवावरून आहे, तुमच्याकडे वेगळं निघू शकेल.

आधी फॉरमॅटच्या बाजूचं, कारण त्या बाजूला बोलण्यासारखं नक्कीच आहे. लॅपटॉप खरोखर मोकळा झाला. विकत घेतानाच आत भरून आलेले प्रोग्रॅम, मुदत संपलेला अँटिव्हायरस, दर वेळी सुरू होताना कोपऱ्यात उगवणाऱ्या खिडक्या, सगळं गेलं. सी ड्राइव्हवर जागा झाली. पहिले काही आठवडे हात लावला की काम होतंय असं वाटायचं. मात्र त्या वेगाचं श्रेय सगळंच फॉरमॅटला देता येईल का, याबद्दल मला आता शंका वाटते. डेस्कटॉपवर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतली नको ती नावं बंद केली, तर तिथेही फरक जवळपास तेवढाच जाणवला. घड्याळ लावून मोजलेलं नाही, रोज वापरणाऱ्याला जे कळतं तेवढंच सांगतोय.

"अपग्रेड केलं की जुना कचरा सोबत येतो" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. अपग्रेडमध्ये जुन्या विंडोजवर ठिगळ लावलं जात नाही. जुनं फोल्डर विंडोज.ओल्ड या नावाने बाजूला सरकवलं जातं, नवीन विंडोज स्वतंत्रपणे मांडलं जातं आणि मग तुमचे प्रोग्रॅम, सेटिंग आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय असे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) त्यात आणले जातात. म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फायली नव्याच असतात. मागून येतो तो आपला संसार. त्यात काढून टाकायला हवं असं काही असेल, तर ते अपग्रेडच्या आधी किंवा नंतर काढता येतंच.

अपग्रेडच्या वाटेवरची अडचण वेगळी. ते अडतं तेव्हा का अडलं हे सांगत नाही. बरीच टक्केवारी चढून सगळं उलट फिरतं आणि ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा एखादा कोड हातात पडतो. बहुधा एखादा जुना ड्रायव्हर असतो, पण कुठला ते आपणच शोधायचं. कधी सेटअप म्हणतं की सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता येत नाही. सुरुवातीच्या फायलींसाठी राखलेली ती जागा बऱ्याच मशीनवर अवघी १०० एमबी असते, आणि ती भरलेली असते. आणखी एक अडथळा फारसं कुणी सांगत नाही. "फायली आणि प्रोग्रॅम ठेवा" हा पर्यायच फिकट दिसतो, निवडता येत नाही. अशा वेळी भाषा बघा. आधीचं विंडोज इंग्लिश इंटरनॅशनलचं असेल आणि तुम्ही उतरवलेली आयएसओ, म्हणजे विंडोज बसवायची फाइल, इंग्लिश युनायटेड स्टेट्सची, तर आपल्या दृष्टीने दोन्ही इंग्रजीच, पण सेटअपला तसं वाटत नाही. जुळणारी आयएसओ घेतली की पर्याय उघडतो.

जुन्या पद्धतीच्या बायोस मोडमध्ये चालणाऱ्या मशीनवर डिस्क एमबीआरची जीपीटी करावी लागते (डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याची पहिली पद्धत जुनी, दुसरी नवी). विंडोज १० मध्येच त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, आणि ते डेटा न पुसता काम करतं. तरीही त्याआधी बॅकअप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फॉरमॅटच्या वाटेवरही खड्डे आहेत. नवीन विंडोज उभं राहताना इंटरनेट मागतं, मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, आणि नेमका त्याच वेळी वायफायचा ड्रायव्हर आत नसतो. नेटवर्कची यादी रिकामी आणि पुढे जायचं बटण बंद. आमच्या लॅपटॉपवर हेच झालं. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं तेव्हा गाडी पुढे सरकली. दुसरं म्हणजे, २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि तिची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच, पण घरातल्या कुणीतरी घाईत उघडलेल्या खात्याचा पासवर्ड उद्या हरवला तर डिस्कही हातची जाऊ शकते. अपग्रेडमध्ये हे आपोआप होत नाही.

इथपर्यंतचा हिशेब मांडला तर दोन्ही पारडी सारखीच वाटतील. माझ्यासाठी तराजू झुकला तो मराठीमुळे.

लॅपटॉपवर सगळं नीट बसल्यावर एक जुनी वर्डची फाइल उघडली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी अशी आजची पद्धत) घरोघरी रुळायच्या आधीचं. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मधूनच टोपी घातलेला एखादा युरोपीय स्वर. ओळींची लांबी तीच, परिच्छेद तेच, जमाखर्चाच्या तक्त्याच्या चौकटीही जागच्या जागी, फक्त मराठी कुठेच नाही. आणि वर फॉन्टच्या चौकटीत मात्र जुन्या फॉन्टचं नाव शांतपणे दिसतंय, जणू तो मशीनमध्ये आहेच. शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं टाइप केलंय त्यांना हे दृश्य परकं नाही. या फॉन्टमध्ये देवनागरीची वळणं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

फॉन्ट परत आणणं सोपं होतं. बॅकअपमधून कॉपी केले आणि फाइल वाचता येऊ लागली. खरी कटकट पुढे होती, ती टायपिंगच्या पॅकेजची. सीडी जपून ठेवलेली, बिल फाइलला लावलेलं, लायसन्सच्या किल्लीचा कागद त्यालाच टाचलेला. पॅकेज बसलं, किल्ली मागितली, टाकली. "ही किल्ली आधीच वापरलेली आहे." बरोबरच आहे, याच लॅपटॉपवर मीच वापरली होती! विक्रेत्याचं दुकान आता नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं की त्या आवृत्तीचा सपोर्ट बंद झाला, नवीन घ्या. नवीन घेतलं असतं, पण जुन्या फायलींमधला फॉन्टचा संच नव्या आवृत्तीत जसाच्या तसा आहे का, याचं स्पष्ट उत्तर कुणी दिलं नाही. पैसे मोजून घेतलेली, कायदेशीर, सगळी कागदपत्रं असलेली वस्तू आपल्याच मशीनवर आपल्याला वापरता येऊ नये, याचा मला अजूनही राग येतो. आज त्या लॅपटॉपवर मी फक्त युनिकोडमध्ये काम करतो. जुनी फाइल दुरुस्त करायची असेल तर डेस्कटॉपकडे यावं लागतं.

बरं, फॉन्ट आणि पॅकेज निदान आठवतात तरी. वर्डला शिकवलेले शब्द आठवतात का? गावांची नावं, आडनावं, संस्थांची नावं, "हा शब्द बरोबर आहे" असं सांगून सांगून तयार झालेली यादी कस्टम.डिक नावाच्या फायलीत असते. ऑटोकरेक्टची मराठी यादी असते एमएसओ११०२.एसीएल मध्ये (११०२ हा विंडोजने मराठीला दिलेला क्रमांक). दोन्ही फायली अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरच्या पोटात. मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी ही वर्षांची कमाई असते, म्हणून मी त्या शोधून उचलल्या. पण घरोघरी बॅकअप म्हणजे डॉक्युमेंट्स, फोटो आणि फार तर डेस्कटॉपवरच्या फायली. "डी ड्राइव्हला हात लावणार नाही" असं दुरुस्तीवाला सांगतो तेव्हा तो खरंच लावत नाही. हे सगळं सी मध्ये असतं.

डेस्कटॉपवर अपग्रेड झाल्यावर तेच पॅकेज उघडलं. त्याने काहीच विचारलं नाही. कीबोर्डची मांडणी तीच, फॉन्टची यादी पूर्ण, वर्डचे शब्द जागेवर. इतिवृत्त उघडलं, एक ओळ दुरुस्त केली, छापली. त्या दिवशी माझं मत ठरलं.

तरी प्रत्येकाने अपग्रेडच करावं असं मी म्हणणार नाही. तुमचं विंडोज १० हे ३२ बिटचं असेल तर प्रश्नच मिटला. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही, पुसावंच लागतं. मशीन व्हायरसने पोखरलेलं असेल, रोज निळा पडदा दाखवत असेल किंवा दुसऱ्याचं वापरलेलं घेतलं असेल, तर मीही फॉरमॅटच मारेन. कॉलेजात जाणाऱ्या मुलाची कामं ब्राउझरमध्ये चालतात, फायली गुगल ड्राइव्हवर असतात, मराठी लिहिलं तर युनिकोडमध्येच. त्याला वरच्या साऱ्या कटकटीतलं काहीच लागू होत नाही, आणि कोरं विंडोज त्याला नक्कीच आवडेल. याउलट घरात टॅली असेल, डिजिटल सिग्नेचरचं टोकन असेल, किल्ली मागणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल, तर माझा सल्ला आधी अपग्रेड करून बघण्याचाच राहील.

मधला एक मार्गही आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायचीच असेल, तर नवीन विंडोज एसएसडीवर टाका आणि जुनी डिस्क न पुसता यूएसबी केसमध्ये घालून ठेवा. जे आठवेल ते त्यातून काढता येतं. किल्लीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. म्हणून मी असतो तर आधी जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन केली असती, म्हणजे जशीच्या तशी उतरवली असती, आणि मग त्यावर अपग्रेड केलं असतं.

अपग्रेडच्या बाजूने आणखी एक गोष्ट, आणि ती लहान नाही: परत फिरता येतं. अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंगमधल्या रिकव्हरीच्या पानावरून विंडोज १० वर मागे जाता येतं. पुसलेल्या डिस्कला अशी वाट नसते. फक्त त्या काळात जागा हवी म्हणून विंडोज.ओल्ड काढू नका आणि डिस्क क्लीनअपमध्ये आधीच्या विंडोजवर खूण करू नका. छापणं, स्कॅन करणं, मराठी टायपिंग, टॅली, टोकन, जे जे महिन्यातून एकदाच लागतं तेही पहिल्या आठवड्यातच चालवून बघा. महिनाअखेरीला कळलं की टोकन चालत नाही, तर तोवर परतीचा दरवाजा बंद झालेला असतो.

सुरू करण्याआधी बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका, प्रिंटर आणि इतर यूएसबी वस्तू सोडवा, सी ड्राइव्हवर भरपूर जागा करा, आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. काम सकाळी लावा. लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या. तुमच्या भागात देखभालीसाठी वीज जाण्याचा वार ठरलेला असेल तर तो दिवस सोडून दुसरा धरा.