शंभर मण्यांची मणीपाटी, नेलपॉलिश आणि स्पोकसकट

लाकडी चौकट, दहा तारा, तारेवर दहा मणी. मणीपाटी सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळं मापं-बिपं सांगत बसत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना सांगलीत गणपती पेठेतून घेतली. साडेतीनशे सांगितले, तीनशे वीसला दिली. दिवाळी होऊन गेली, पाटी रोज वापरात आहे. मुलगा पहिलीत.

आधी तारेचं. चौकटीच्या भोकात तार नुसती खुपसलेली असते, टोकं जराशी वाकवून. पोरानं एकदा कॉटवर आपटली आणि एक तार सुटली. मणी फरशीभर, दोन फ्रिजखाली. दुकानात गेले तर मालक म्हणतो, "वहिनी, खेळण्याला गॅरंटी नसते." अहो, पावतीवर तुम्हीच 'शैक्षणिक साहित्य' लिहिलंय की! ते दाखवलं तर म्हणे नवीन घ्या, वीस रुपये कमी लावतो. वीस रुपये! तिथून उठून आले.

आमच्या अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून जुनी स्पोक आणली. डोक्याकडून मापात कापून वाकवली, मणी ओवले, दुसऱ्या टोकाला बाहेरून निपल, म्हणजे स्पोकचा बारका नट, पिळला. तार सैल झाली की पान्यानं अर्धा आटा द्यायचा. कारखानदारांना हे सुचू नये याचं नवल वाटतं. सायकलवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

पण माझा खरा राग रंगावर आहे. या पाटीत एक अख्खी ओळ लाल, दुसरी निळी, तिसरी हिरवी. दुकानात टांगलेली झकास दिसते आणि मोजायला कुचकामी. तीन-चार वस्तू डोळ्याला न मोजता कळतात, त्यापुढं मोजावंच लागतं. सात लाल मणी सरकवले की पोराला नुसता लाल पट्टा दिसतो. तेच पाच लाल आणि पाच पिवळे असते, तर पाच आणि वर दोन, सात, असं बघताक्षणी कळलं असतं. माझी नणंद तासगावकडं झेडपी शाळेत शिकवते. तिनं पाटी हातात घेऊन पहिलं हेच विचारलं, "पाच-पाचचा रंग कुठाय गं?" तेव्हापासून मला दुसरं काही दिसेना. शेवटी लग्नासोहळ्याला आणलेली पिवळी नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक ओळीतले उजवीकडचे पाच मणी रंगवले. टवके उडतात, पुन्हा हात मारावा लागतो. साडेतीनशे सांगणाऱ्याला दुसऱ्या रंगाचे पन्नास मणी ओवायला काय धाड भरली होती?

आता उपयोगाचं. आमचा गडी उजळणी पन्नासपर्यंत घडाघडा म्हणायचा. "सात मणी सरकव" म्हटलं की बोटानं ढकलेल तेवढे. मग मोजायला लावलं तर एक, दोन करत सातवर यायचा. "मग किती झाले?" की पुन्हा एकपासून सुरू! मला वाटलं लक्ष नाही. नणंदताई म्हणाली, शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे मुलांना वेगळं उमजावं लागतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलंच हे एक. (२०२१ मध्ये निपुण भारत, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणिताची केंद्राची मोहीम, आल्यापासून शिक्षकांची प्रशिक्षणं चालूच असतात, तिच्याकडं असला साठा भरपूर.)

यावर पाटीपेक्षा बेदाणे कामी आले. सांगलीत कुणाच्या घरी नसतात? "मला सात दे, अण्णांना चार दे." मोजून वाटीत टाकायचे, "किती दिलेस?" विचारायचं आणि पुन्हा मोजू न देता उत्तर घ्यायचं. चुकलं तर हवं तर मोजून बघ. गणपतीपर्यंत माझं ठाम मत होतं की पाटी म्हणजे पैसे पाण्यात, मूठभर बेदाण्यांत काम होतं.

वीसच्या पुढं मत फिरलं. एक तर बेदाणे तोवर शिल्लक राहत नाहीत. दुसरं, आपल्याकडं सत्तावीस म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना दोन आधी. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस सात' अशी वाचायची पद्धतही दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पाटीवर दोन भरलेल्या ओळी आणि वर पाच-दोन मणी दिसतात, तुम्ही काहीही म्हणा. एकोणतीसला तर मजाच आली. तीन ओळी पूर्ण सरकवल्या आणि एक मणी मागं घेतला. तो बघत राहिला, मग स्वतःच एकोणचाळीस केले, एकोणपन्नास केले. शेवटी सगळे मणी सरकवून, एक मागं घेऊन ओरडला, "एकोणशंभर!" नव्याण्णव सांगितल्यावर चिडला. त्याचं चिडणं रास्तच आहे.

घ्यायचीच असेल तर पाच-पाच दोन रंगांची मिळेपर्यंत थांबा, थोडी महाग असली तरी. घेताना पाटी उभी-आडवी हलवून तारेची टोकं बघा. आमच्या बाकीच्या तारा अजून मूळच्याच आहेत, त्यातली एक कुरकुरायला लागलीय.