तयार पेटी की वेचून घेतलेली हत्यारं?

भाचा खानापुरात लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू करतोय. "मामा, १०० नगांची पेटी घेऊ की एकेक हत्यार?" असा त्याचा प्रश्न.

पैशाने पेटी स्वस्त दिसते. पण त्यातले बहुतेक बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची बदलायची टोकं, पडून राहतात. रोज हातात येतात ते फिलिप्स, म्हणजे अधिक (+) खुणेच्या टोकाचे, शून्य, एक आणि दोन नंबर. टिकाऊपणाचं तर बोलूच नये. मऊ लोखंडाचा बिट घट्ट स्क्रूवर घसरला की बिटाचं टोकही जातं आणि स्क्रूचं डोकंही. मग लॅपटॉप उघडायचा कसा? शिवाय आखूड बिट कॅबिनेटच्या कोपऱ्यात पोचत नाही, तिथे लांब दांड्याचा, चुंबकाचा स्क्रूड्रायव्हरच हवा.

स्वस्त पेटीत व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर सहसा नसतो आणि निदान तर तोच करतो. एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट येतात का, मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल उतरलाय का, हे डोळ्याला दिसत नाही. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला मदत करणारी थर्मल पेस्ट, ब्रश, कॉम्प्युटर ज्यावरून सुरू करता येतो तो बूटेबल पेनड्राइव्हही वेगळेच घ्यायचे.

सोबत नेण्यात मात्र पेटी सरस. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात बाईकवर सुटी हत्यारं गंजतात. माझी अजून जेवणाच्या जुन्या डब्यातच असतात, बायको हसते!

महिन्याला एखादंच काम, त्यात कधी मॅकबुकही, तर पेटी घे. मॅकबुकच्या स्क्रूंना लागणारा पाच पाकळ्यांचा बिट आहे का तेवढं बघ. रोज चार दारं करायची असतील तर बेळगावला ये, हातात धरून एकेक निवडू.